तेवीस नंबरचा वाल

रूपरावांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे बोलायची वेळ आली तेव्हा ते घाईघाईत बोलले आणि गरजेपेक्षा जास्त बोलले.

दोन हजार चार सालची दिवाळी होती. कोकिळाबाईंना जाऊन आठ महिने झाले होते. एकुलती एक लेक छाया पाडव्याला पिपरी मेघेहून आली होती. जेवणं आटोपली, जावई ओसरीवर आडवे झाले, आणि छायानं पदराला हात पुसत विचारलं, "बाबा, आईचं वालाचं बी हाय ना ठेवलेलं?"

"हाय ना. चुलीमागं मडक्यात हाय," रूपराव म्हणाले. इथवर ते खरंच बोलत होते, निदान त्यांना तसं वाटत होतं.

"आमच्या नव्या घराचं कुंपण झालं. येत्या मिरगाले वाल लावीन. सासूबाईंनी त्याईचा वाल आणून ठेवला हाय पुडीत. मी सांगून देलं, या कुंपणावर एकच वाल राहीन, अन् थो माह्या आईचा. तवापासून तोंड फुगवून बसल्या हायेत." छायाच्या सासूबाई म्हणजे शकुंतलाबाई. नव्या घरात येऊन दोन महिने झाले नव्हते तर सासू-सुनेचं भांड्याला भांडं लागायला सुरुवात झाली होती. "आईचं बी दाखवा बरं मले. कितीक हाय थे पाहून ठेवीन."

रूपराव उठून आत गेले. चुलीमागच्या कोपऱ्यात मडकं नव्हतं. तिथं स्टीलची बादली होती, आणि ती बादली तिथं कोणी ठेवली हे त्यांना चांगलंच आठवत होतं.

वालाचं बी राखेत ठेवतात. नुसतं डब्यात ठेवलं तर दोन महिन्यांत भुंगा लागून दाण्यांचं पीठ होतं. कोकिळाबाई मडक्यात एक थर राखेचा, एक थर वालाचा, असं गळ्यापर्यंत भरून वर परत राखच दाबून ठेवत. वरून पाहणाऱ्याला राखेचं मडकं दिसे. दिवाळीच्या आठ दिवस आधी रूपरावांच्या मनात आलं की बायको नसली म्हणून घर काही अडत नाही हे एकदा गावाला दाखवून द्यावं, आणि त्यांनी धोतर खोचून घर झाडायला काढलं. मडकं हाती लागलं. भांडी घासायला आता वर्ध्याहून पावडर आणली होती, राखेचं काम उरलं नव्हतं. त्यांनी ती सगळी राख खताच्या खड्ड्यात उलटी केली आणि मडकं कोंबड्यांना पाणी ठेवायला घेतलं. एवढी राख कशाला जमवून ठेवली असेल बिचारीनं, असंही ते वर म्हणाले होते.

आता ते त्या बादलीसमोर उभे राहिले. मग बाहेर आले आणि म्हणाले, "हाय, हाय. मस्त हाय. एकबी दाणा किडला नाई. मी पायत राह्यतो ना मधून मधून. आता राख उकरली तर हवा लागन, म्हणून नाई आणलं. तू मिरगाच्या आधी येजो अन् घेऊन जाजो. काई काळजी नको करू."

छायानं बापाकडे जरा निरखून पाहिलं. आई गेल्यापासून बापानं एका दमात इतकी वाक्यं बोललेली तिनं ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेक-जावई निघून गेल्याबरोबर रूपराव फावडं घेऊन खड्ड्यात उतरले. पंधरा दिवसांचं शेण आणि मध्ये येऊन गेलेली पावसाची एक सर यांच्याखाली त्यांना सतरा दाणे सापडले, फुगलेले, काळे पडलेले. तेही त्यांनी एका डब्यात माती घालून लावले. रोज सकाळी उठून डब्यात पाहायचे. एकही उगवला नाही. मांडवावरही यंदा काही नव्हतं; कोकिळाबाईंच्या मागं मिरगाला वाल लावायचं कोणाला सुचलं नव्हतं.

कोकिळाबाईंचा वाल म्हणजे काय होतं हे त्या गावात कोणाला सांगावं लागत नव्हतं. वायगावच्या पुढं असलेलं ते लहानसं गाव. हिवाळ्यात त्यांच्या घरच्या वालाच्या दाण्यांची भाजी शिजली की वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई आणि कोणी ना कोणी वाटी घेऊन येई. कोकिळाबाई सगळ्यांना देत. भाजी देत, शेंगा देत, बीही देत. आणि इथंच रूपरावांना आशा वाटली. एवढ्या जणींना बी दिलं आहे, कोणाच्या तरी कुंपणावर असणारच. दिवसही बरे होते. वालाला फूल येण्याचेच ते दिवस. तेव्हा ते आधी शेजारच्या मनकर्णाबाईंकडे गेले. मनकर्णाबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली होती आणि गावातल्या प्रत्येकाला त्या अरेतुरे करत.

"कोकिळाचा वाल? असन ना. पण माह्या कुंपणावर चार घरचे वाल एकावर एक चढले हायेत रे. फूल कसं होतं तिच्या वालाचं? थे सांग, म्हंजे देतो."

एकतीस वर्षं रूपरावांनी तो वाल खाल्ला होता. भाजीत मीठ कमी पडलं तर त्यांना पहिल्या घासाला कळे. पण विहिरीशेजारच्या मांडवावरच्या ज्या वेलाखालून ते रोज चार वेळा वाकून जात, त्याचं फूल पांढरं होतं की जांभळं, हे त्यांना सांगता येईना.

"नाई आठवत?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "कसं आठवन. तुमची नजर ताटात." मग त्यांनीच सांगून टाकलं, "जांभळं होतं. चांगलं गर्द जांभळं."

रूपराव खूष होऊन पुढच्या घरी गेले. तिथली बाई पंधरा वर्षं कोकिळाबाईंसोबत निंदणाला गेलेली. ती म्हणाली, पांढरं होतं, दुधासारखं, मी सोताच्या हातानं तोडलं हाय. तिसऱ्या घरी पांढरं. चौथ्या घरी जांभळं, शपथेवर. आठ दिवसांत गावात दोन पक्ष पडले. पाणी भरताना बायका एकमेकींना खोडून काढू लागल्या. रूपरावांचं मत झालं की बायकांच्या डोक्यात काही राहत नाही, आणि बायकांचं मत झालं की रूपरावांचं डोकं बायकोच्या मागं थोडं सरकलं आहे.

शेवटी मनकर्णाबाईंनाच आठवलं. "अरे, थे कालेजची पोरगी नाई का आलती गेल्याच्या गेल्या वर्सी, पिशव्या घेऊन? घरोघरचा वाल मांगत फिरे. कोकिळानं तिले ओंजळभर देलता. जाय तिच्याकडं, तिच्यापाशी नाव लिहून असन."

पोरीचं नाव रक्षा. वर्ध्याच्या कापड दुकानदाराची मुलगी. घरातल्या कोणीही आयुष्यात वालाचा वेल लावलेला नव्हता, आणि ही मात्र वालावर पीएच.डी. करत होती. जिल्ह्यातल्या अठ्ठावन्न घरांतून तिनं वाल गोळा केला होता आणि कोणाचा वाल कोणाच्या किती जवळचा, हे ती त्याच्या डीएनएवरून ठरवत होती. रूपराव एसटीनं वर्ध्याला गेले, रिक्षा करून कॉलेजात पोचले, आणि चार ठिकाणी विचारत विचारत तिच्या प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभे राहिले. चपला बाहेर काढल्या. तिथं चपला काढायची गरज नसते हे तिनं सांगितल्यावरही त्यांनी त्या घातल्या नाहीत.

कोकिळाबाई गेल्याचं ऐकून रक्षाचा चेहरा उतरला. "मला त्यांनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं काका," ती म्हणाली. मग तिनं वहीत पाहिलं. तेवीस नंबर. तिनं कपाटातून तेवीस नंबरचं पाकीट काढलं, उघडलं, आणि दोघांनीही आत पाहिलं. आत पीठ होतं आणि पिठात चार मेलेले भुंगे.

"राख नव्हती लावली?" रूपरावांनी विचारलं.

"नाही काका. मला माहीत नव्हतं."

राखेच्या बाबतीत रूपराव कोणाला काही बोलण्याच्या स्थितीत नव्हते. रक्षानं पुढचंही सांगून टाकलं. ओंजळीतले दहा दाणे तिनं कुंड्यांत लावले होते, दहाही उगवले, तिनं त्यांची कोवळी पानं घेतली. मग मे महिन्याच्या सुट्टीत पाणी घालणारा माळी गावी गेला आणि कुंड्या वाळल्या. बी गेलं, रोपं गेली, फक्त पानांतून काढलेला डीएनए आणि त्याचे फोटो राहिले.

"आणि खरं सांगू का काका," ती चाचरत म्हणाली, "तेवीस नंबर खराब निघाला. सरांनी तो प्रबंधातून काढून टाकायला सांगितला."

"खराब म्हंजे?"

"मिसळ झाली होती. गोळा करताना, नाहीतर इथं लॅबमध्ये माझ्या हातून."

रूपराव उभे राहिले. मुळात ते रागीट नव्हते, पण आठ महिन्यांत त्यांना कोणावर रागावताही आलं नव्हतं, ते सगळं आता वर आलं. "पोरी, कोकिळेनं जिंदगीत कोणाले खराब बी नाई देलं. दाणा न् दाणा निवडून दे थे. खोट तुमच्या मशीनीत असन. माह्या गावच्या बाया तशाच, तू बी तशीच. निम्म्या म्हणतेत फूल पांढरं, निम्म्या म्हणतेत जांभळं. एका बाईचा एक वाल, त्याले दोन रंगाचं फूल येते काय? सारेच मले येडा समजून राह्यले."

रक्षा कपाट लावता लावता वळली. "काय म्हणाले काका? निम्म्या पांढरं म्हणतात?"

तिनं खालच्या खणातून एक फोटो काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. काळ्या कागदावर शेजारीशेजारी दहा पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यात वरपासून खालपर्यंत पांढऱ्या आडव्या रेघा, कुठे दाट, कुठे विरळ. तिनं समजावलं: एक पट्टा म्हणजे एक रोप. पानातून डीएनए काढायचा, त्याच्या ठरावीक तुकड्यांच्या मशीनमध्ये हजारो प्रती करायच्या, आणि त्या जेलीसारख्या वडीतून विजेच्या जोरावर पळवायच्या. लहान तुकडा लांब पळतो, मोठा मागं राहतो. ज्यांचं मूळ एक, त्यांच्या रेघा एका ओळीत येतात.

रूपरावांनी चष्मा लावला. आजवर त्यांनी लुगड्यांच्या काठांकडेही इतक्या बारकाईनं पाहिलं नव्हतं. "हे अन् हे सारखं हाय," ते बोट ठेवत म्हणाले. "हे बी. हे नाई. हे... हे चार येगळे."

"सहा एका जातीचे, चार दुसऱ्या," रक्षा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माझ्या हातून घाण झाली असती तर रेघा अशा स्वच्छ आल्या नसत्या. मिसळ नाही काका, दोन वाल आहेत. तुमच्या गावच्या बायका सगळ्या खरं बोलत होत्या. दाणे दिसायला एकसारखे, लाल, म्हणून मला कळलं नाही."

"पण एका मांडवावर इतके वर्सं राह्यले तर एकमेकात मिसळून नाई जाणार?"

"वाल नाही मिसळत सहसा. त्याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत फळायला लागलेलं असतं. बाहेरचं फारसं काही घेत नाही. शेजारीशेजारी वीस वर्षं राहतील आणि हा हाच राहील, तो तोच."

रूपराव पुन्हा स्टुलावर बसले. कोकिळाबाई लग्न होऊन आल्या ते साल त्र्याहत्तर. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी माहेरून आणलेला वाल कुंपणाला लावला होता. रोपं वीतभर झाली आणि रूपरावांच्या मायनं ती उपटून फेकली. या घरात एकच वाल राहीन, असं म्हातारी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली होती. कोकिळाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. त्या रडल्या, मग गप्प झाल्या. रूपराव बैल सोडायच्या निमित्तानं गोठ्यात गेले होते आणि सगळं शांत होईपर्यंत बाहेर आले नव्हते. पुढे कुठला वाल राहिला, कुठला गेला, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. भाजी ताटात येत राहिली.

हे त्यांनी रक्षाला सांगितलं. गोठ्याचंही सांगितलं.

रक्षानं बाकीच्या घरांचे फोटो बाहेर काढले. तासाभरानं ती म्हणाली, "सहाची जात सापडली. एक्केचाळीस नंबर. आर्वीकडचं गाव आहे, घरमालकाचं नाव बबनराव..."

"थो माहा साळा हाय," रूपराव म्हणाले आणि बऱ्याच महिन्यांनी हसले. कोकिळाबाईंचा माहेरचा वाल माहेरच्या कुंपणावर अजून उभा होता.

उरलेल्या चार पट्ट्यांसारखं मात्र अठ्ठावन्न घरांत कुठेच काही निघालं नाही. तो मायचा वाल असणार हे उघड होतं. पण माय एकोणनव्वद साली गेली होती. रूपरावांना एकच घर आठवलं. त्यांची थोरली बहीण धुरपता, हिंगणघाटकडे दिलेली. मायनं लेकीला लग्नात वाल दिला असेल तर तिच्याकडे असेल. रक्षानं त्यांना बर्फाचे खडे घातलेला एक थर्मास दिला. पानं खुडली की प्लास्टिकच्या पिशवीत घालून यात ठेवायची आणि त्याच दिवशी आणून द्यायची. आठवड्याभरानं ते थर्मास मांडीवर घेऊन हिंगणघाटच्या गाडीत बसले. शेजारच्या माणसानं दोनदा थर्मासकडे पाहून चहाची गोष्ट काढली. तिसऱ्यांदा रूपरावांनी झाकण उघडून त्याला बर्फ दाखवला, तेव्हा तो सरकून बसला.

धुरपताबाईंच्या न्हाणीच्या पाण्यावर वाल चांगला माजला होता. फूल जांभळं. त्याच वेळी रूपरावांना आठवलं, मायच्या कपाळावर पडायची ती सावली आणि तिच्या मांडीवरच्या टोपलीत जमलेली जांभळी फुलं. लहानपणीचं सगळं आठवत होतं आणि मोठेपणीचं काहीच नाही, याची त्यांना लाज वाटली.

"हा मायनं देलता तुले लग्नात?" त्यांनी विचारलं.

"मायनं?" धुरपताबाई शेंगा तोडत म्हणाल्या. "मायनं दोन भांडे देले अन् एक लुगडं. वाल कोकिळानं देला."

रूपरावांनी थर्मास खाली ठेवला.

"माय गेली त्या दिवाळीले मी आलती, आठवते का तुले? तुले काय आठवते म्हणा. मी कोकिळाले म्हटलं, आता माय नाई, आता कायले येऊ मी. तिनं मले बसवलं. निंगताना ओटीत तांदूळ नाई टाकले, वाल टाकला. म्हणे, बाई, हा तुमच्या मायचा हाय, मी शेंगांले दोरा बांधून येगळा तोडला. म्हणे, हा वेल मांडवावर हाय तोवर तुमचं माहेर हाय, येत जा." धुरपताबाईंनी पदरानं नाक पुसलं. "दर साली दे. मी म्हटलं, माह्यापाशी हाय आता. तरी बी दे. म्हणे, राहू द्या, एखाद्या साली गेला तर."

"मायनं तिचा वाल उपटला होता," रूपराव म्हणाले.

"उपटला होता ना. थेच सांगून हसे थे मले. म्हणे, आत्याबाईनं माहा उपटला, पण मी त्याईचा कसा उपटू. म्हणे, दोन्ही मिळून शिजवला तर कुठं भाजी जमते."

दर दिवाळीला बहिणीला गाडीवर बसवून द्यायला रूपरावच बैलगाडी जुंपत. तिच्या पदरात काहीतरी फुगलेलं दिसे. त्यांना ते तांदूळ वाटत. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. आता बहिणीच्या अंगणात ते तसेच उकिडवे बसले आणि साठीचा माणूस रडतो तसे, आवाज न करता, बराच वेळ रडले. कोकिळाबाई गेल्या त्या दिवशीही त्यांना रडू आलं नव्हतं. धुरपताबाईंनी त्यांना रडू दिलं आणि थर्मासमध्ये पानं स्वतःच भरली.

मार्चमध्ये रक्षाचा निरोप आला. नवीन फोटोत धुरपताबाईंच्या पानांचे पट्टे त्या चार पट्ट्यांशेजारी लावले होते. रेघेला रेघ जुळत होती. रक्षाचे सर आधी मानायला तयार नव्हते, पण रक्षानं सगळं पुन्हा करून दाखवलं आणि मग तेही मानले. तेवीस नंबर प्रबंधात परत आला. एका घरात दोन जाती हे घाणीमुळे नव्हे तर जपल्यामुळे, असा एक परिच्छेद तिनं लिहिला आणि तो रूपरावांना वाचून दाखवला. त्यांना निम्मा कळला. "नाव लिवलं का तिचं?" एवढंच त्यांनी विचारलं. रक्षानं बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

छाया मृगाच्या चार दिवस आधी आली. रूपरावांनी तिला पाणी दिलं, बसवलं, आणि तिनं पिशवी काढायच्या आत सांगून टाकलं. राखेचं मडकं, खताचा खड्डा, सतरा दाणे, दिवाळीचं खोटं.

"म्हंजे आईचा वाल गेला," ती म्हणाली.

"गेलता. थांब जराशी."

त्यांनी फडताळातून दोन पुरचुंड्या काढल्या. एक बबनरावांकडची, एक धुरपताबाईंकडची, दोन्ही राखेत ठेवलेल्या. मग बाकीचं सगळं सांगितलं, त्यांना जमेल तसं, मागचं पुढं करत. फोटोतल्या रेघा त्यांनी जमिनीवर बोटानं काढून दाखवल्या. मायनं रोपं उपटली ते सांगितलं आणि आपण गोठ्यात जाऊन बसलो तेही. शेंगांना बांधलेला दोरा सांगितला. आत्याच्या ओटीतला वाल सांगताना त्यांचा आवाज फुटला, तेव्हा ते थांबले आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं.

सगळं ऐकून छाया म्हणाली, "आईनं मले कधी नाई सांगितलं."

"मले बी नाई."

"आजीसंग तिचं पटे असं मले कधी वाटलं नाई. लहानपणी मी पाहिलं ना. आजी किती बोले तिले."

"पटे कुठं," रूपराव म्हणाले. "मरेपर्यंत नाई पटलं."

छायानं सूप घेतलं. एका पुरचुंडीतले दाणे राखेसकट त्यात ओतले, मग दुसरीतले. पाखडून राख काढली. लाल दाणे सुपात एकत्र झाले आणि कुठला कुठला ते आता कोणालाच सांगता आलं नसतं. रूपराव म्हणाले, "मी सहाले चार मोजूनच बांधले हायेत. तिच्या ओंजळीत तसेच होते." छायानं मान हलवली आणि हातानं दाणे सारखे करत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्यापाशी बांबू हायेत काय चार-पाच? कुंपणावर नाई भागणार. मांडव घालावा लागन."

"दोन वालाले कुंपण पुरते," रूपराव म्हणाले. "कायले मांडवाचा खटाटोप."

"दोन नाई बाबा, तीन. सासूबाईंची पुडी बी हाय ना," छाया म्हणाली, आणि सुपातले दाणे पदरात घ्यायला लागली.